थरच्या वाळवंटातील फोडांची मोजदाद कोण करणार? आयसीएमआरच्या महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर),
नवी दिल्ली.

विषय: राजस्थानच्या वाळवंटी जिल्ह्यांतील त्वचेच्या लीशमॅनियासिसची नियमित नोंद आणि त्यावरील दीर्घकालीन क्षेत्रसंशोधन.

महोदय,

स. न. वि. वि.

बिकानेर आणि त्याच्या आसपासच्या वाळवंटी भागात त्वचेचा लीशमॅनियासिस हा परजीवीजन्य रोग गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ वैद्यकीय साहित्यात नोंदला जात आहे. या रोगाच्या परजीवीची ओळख पटलेली आहे, तो पसरवणारी माशी माहीत आहे, आणि उपचारांवरचे उत्तम संशोधन खुद्द बिकानेरमध्येच झालेले आहे. तरीही दरवर्षी तिथे किती माणसांना हा रोग होतो, कोणत्या गावात तो वाढतो आणि कोणत्या गावातून तो ओसरतो, हे सांगणारी एकही भरवशाची, गावपातळीपर्यंत जाणारी आणि सर्वांना पाहता येणारी नोंदमाला आपल्याकडे नाही. परिषदेने पुढाकार घेऊन ही मोजदाद सुरू करावी आणि ती किमान दहा वर्षे खंड न पडता चालवावी, ही या पत्रातील मुख्य विनंती आहे. बाकीचे मुद्दे तिच्याच पोटात येतात.

मी पश्चिम महाराष्ट्रात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. वाळवंटाशी माझा संबंध येतो तो सुट्टीवर आलेल्या जवानांमुळे. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील अनेक घरांतला एक तरी माणूस सैन्यात किंवा सीमा सुरक्षा दलात असतो आणि त्यांपैकी कित्येकांच्या नेमणुका जैसलमेर, बिकानेर, बाडमेर या पट्ट्यात होतात. अशाच एका जवानाच्या गालावरचा फोड पाच-सहा महिने बरा होत नव्हता. त्याला आधी प्रतिजैविके, मग बुरशीवरची औषधे आणि शेवटी स्टेरॉइडचे मलम देऊन झाले होते, आणि दरम्यान कुणीही त्याला ‘तुमची बदली कुठे होती?’ एवढे विचारले नव्हते. अर्थात विचारले असते तरी त्या उत्तराचे काय करायचे, हे आमच्याकडच्या बहुतेक डॉक्टरांना ठाऊक नाही. पाठ्यपुस्तकात या रोगाला एखादे पान मिळते आणि परीक्षा संपली की ते पान मिटते.

ज्या वाचकांना हा रोग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. गाल, नाक, मनगट, पिंढरी अशा झोपताना उघड्या राहणाऱ्या भागावर आधी एक लालसर पुटकुळी येते. ती दुखत नाही, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही. काही आठवड्यांत ती पसरते, मध्यभागी खपली धरते, खपलीखाली उथळ जखम होते आणि भोवतीची कड जाडसर व उचललेली राहते. उपचार केले नाहीत तरी साधारण वर्षभरात, कधी त्याहून उशिरा, ती आपोआप भरून येते. मात्र जाताना खोलगट व्रण ठेवून जाते. हा व्रण बहुधा चेहऱ्यावर असतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या गालावर तो राहिला तर त्याची किंमत कोणत्याही मृत्युदराच्या तक्त्यात दिसत नाही. जीव जात नाही म्हणून रोग किरकोळ, हा हिशेब दिल्लीतल्या फायलीत बसतो. ज्या घरात तो व्रण रोज आरशात दिसतो तिथे तो बसत नाही.

याचे निदान अवघड नाही. फोडाची उचललेली कड चिमटीत घट्ट धरून तिथले रक्त ओसरू द्यायचे, ब्लेडने अगदी उथळ चीर द्यायची, चिरेच्या आतली बाजू खरवडून निघालेला पातळ लगदा काचपट्टीवर पसरायचा आणि जिम्सा रंगाने रंगवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या भक्षक पेशींच्या आत दोन ते चार मायक्रॉन आकाराचे अंडाकृती परजीवी दिसतात. प्रत्येकात एक गोल केंद्रक आणि त्याच्या शेजारी काडीसारखा गडद कायनेटोप्लास्ट. एकदा नीट पाहिलेला माणूस पुन्हा चुकत नाही. महत्त्वाचे म्हणजे त्वचेला चीर देऊन काचपट्टी घेण्याची ही पद्धत कुष्ठरोगाच्या तपासणीत आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. ती जाणणारे तंत्रज्ञ आजही सरकारी आरोग्यसेवेत आहेत. म्हणजे मोजदादीसाठी लागणारे कसब नव्याने निर्माण करायचे नसून असलेल्या माणसांना आणखी एक गोष्ट बघायला शिकवायचे आहे. पैशाची अडचण पुढे करणाऱ्यांना एवढे उत्तर पुरावे.

बिकानेरचा परजीवी हा लीशमॅनिया ट्रॉपिका आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या रेण्वीय तपासणीने पक्के झाले. काबूल हे याच प्रजातीचे जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक मानले जाते आणि सीरियातील अलेप्पो शहराने तर या फोडाला आपले नाव दिलेले आहे. ही प्रजाती प्रामुख्याने माणसाकडून वाळूमाशीकडे आणि माशीकडून पुन्हा माणसाकडे अशी फिरते. त्यामुळे उपचार न मिळालेला रुग्ण हाच पुढच्या रुग्णाचा उगम ठरतो आणि लवकर केलेला उपचार हा रोगप्रतिबंधही ठरतो. नेमक्या याच कारणाने रुग्ण मोजणे आणि रोग आटोक्यात आणणे ही इथे दोन वेगळी कामे राहत नाहीत. बिकानेरच्या परिसरात कुत्र्यांचा वाटा किती, आणि बिळांच्या वसाहती करून राहणाऱ्या वाळवंटी उंदरांचा काही संबंध आहे का, हे प्रश्न मात्र काचपट्टीने सुटणारे नाहीत; त्यासाठी ऋतुमागून ऋतू त्याच जागी जाऊन नमुने गोळा करणारी माणसे लागतात.

वाळूमाशीबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण तिला डास समजून केलेली उपाययोजना वाया जाते. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर बारीक केस असलेली, पंख पाठीवर उभे धरून बसणारी आणि आवाज न करता टुणटुण उड्या मारत उडणारी असते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरू शकते. तिची अंडी आणि अळ्या पाण्यात नसतात. मातीच्या भिंतीतल्या भेगा, गोठ्याचे कोपरे, उंदरांची बिळे अशा किंचित ओल आणि सेंद्रिय कचरा असलेल्या जागी त्या वाढतात. म्हणून ‘पाणी साचू देऊ नका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हा डासांसाठीचा अगदी योग्य संदेश इथे कामाचा नाही. महाराष्ट्राला ही माशी परकी नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात सापडलेला आणि पुढे मुलांमधील मेंदूज्वराच्या उद्रेकांत पुन्हा पुन्हा पुढे आलेला विषाणू वाळूमाशीच पसरवते. तेव्हा तिच्या सवयींचा आणि कोणत्या कीटकनाशकाला ती दाद देईनाशी झाली आहे याचा अभ्यास वाळवंटात झाला, तर त्याचा उपयोग विदर्भालाही होईल.

उपचारांच्या बाबतीत बिकानेरने देशाला जे दिले त्याचा गौरवाने उल्लेख करायला हवा. तेथील सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाने फोडातच अँटिमनी या धातूपासून बनवलेल्या परजीवीनाशक औषधाचे इंजेक्शन देण्याच्या पद्धतीवर आणि रेडिओलहरींनी उष्णता देण्याच्या पद्धतीवर काम करून ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. उष्णतेच्या उपचारात जागा बधिर करून फोडावर ५० अंश सेल्सिअसची उष्णता तीस-तीस सेकंद टप्प्याटप्प्याने दिली जाते. बहुतेक रुग्णांना एकदाच यावे लागते. इंजेक्शनसाठी मात्र पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागतात, आणि ज्या ढाणीपासून, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीपासून, डांबरी रस्ता गाठायलाच तासभर लागतो तिथल्या मजुराच्या दृष्टीने हा फरक औषधाच्या गुणापेक्षा मोठा असतो. असे यंत्र आज वाळवंटातील किती जिल्हा रुग्णालयांत आहे, असायला हवे किती, हे ठरवायचे तर रुग्ण किती हेच आधी कळायला हवे. संशोधन झाले, ते प्रसिद्ध झाले, नावाजले गेले आणि तरीही ते शेजारच्या तालुक्यात पोहोचले की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

याला जोडूनच एक काळजी नोंदवतो. बिहारमधील काळ्या आजाराच्या, म्हणजे शरीराच्या आतल्या अवयवांना होणाऱ्या लीशमॅनियासिसच्या, रुग्णांत अँटिमनी निष्प्रभ ठरू लागल्यावर तिथला कार्यक्रम लायपोसोमल अँफोटेरिसिन या दुसऱ्या औषधाकडे वळला, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे अँटिमनीच्या इंजेक्शनचे देशातील मोठे गिऱ्हाईक गेले. वाळवंटातील त्वचेच्या रुग्णांसाठी ते औषध उपलब्ध राहील याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे ठरलेले दिसत नाही.

काळ्या आजाराचा विषय निघालाच आहे, तर आक्षेपही आधीच विचारात घेतो. ‘लीशमॅनियासिससाठी देशात राष्ट्रीय कार्यक्रम आहेच, मग आणखी काय हवे?’ असे विचारले जाईल. कार्यक्रम आहे आणि त्याने मोठे यश मिळवले आहे, हे निःसंशय. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतील गटपातळीवर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे त्याचे उद्दिष्ट. पण त्याची सारी आखणी लीशमॅनिया डोनोव्हानी आणि फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस या जोडीभोवती, आणि काळा आजार झालेल्यांच्या त्वचेवर नंतर उमटणाऱ्या डागांभोवती झालेली आहे. थरची प्रजाती वेगळी आहे, माशी वेगळी आहे, घरे वेगळी आहेत. शिवाय त्वचेचा रोग फक्त थरमध्ये आहे असेही नाही. हिमाचल प्रदेशात सतलजच्या खोऱ्यातील रुग्णांत, २००५ च्या अभ्यासानुसार, बहुतांशी लीशमॅनिया डोनोव्हानी सापडला आणि थोड्यांत ट्रॉपिका. केरळच्या अगस्त्यमला डोंगरातील आदिवासी पाड्यांतही त्वचेचे रुग्ण आढळले आहेत. म्हणजे ज्या परजीवीला बिहारमधून हद्दपार करण्यासाठी आपण झटत आहोत, तोच किंवा त्याचा सख्खा भाऊ देशाच्या तीन कोपऱ्यांत त्वचेचे रूप घेऊन बसला आहे. निर्मूलनाची घोषणा करण्यापूर्वी या कोपऱ्यांकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

ट्रॉपिका फक्त त्वचेपुरता राहतो हेही गृहीत धरता येत नाही. १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या काही अमेरिकी सैनिकांच्या अस्थिमज्जेत हाच परजीवी सापडला. त्यांना ताप, थकवा अशा तक्रारी होत्या आणि त्वचेवर फोड नव्हते. त्या काळात आखातातून परतलेल्या सैनिकांचे रक्तदान काही काळ थांबवण्यात आले होते. आपले सैन्य त्याच प्रजातीच्या प्रदेशात एका मोहिमेपुरते नव्हे, तर कायमचे तैनात आहे. लष्करी रुग्णालयांकडे या रुग्णांच्या ज्या काही नोंदी असतील त्या, सुरक्षिततेची सर्व पथ्ये पाळून, नावगाव आणि तुकडी वगळून, परिषदेच्या मोजदादीत यायला हव्यात. आणि जवान निवृत्त होऊन किंवा सुट्टीवर गावी आला तर तिथल्या डॉक्टरला काय पाहायचे याची एक पानी सूचना राज्यांच्या आरोग्य विभागांकडे जायला हवी.

आता संस्थेचा प्रश्न. परिषदेने १९८४ साली जोधपूरला वाळवंटी आयुर्विज्ञान संशोधन केंद्र स्थापन केले. वाळवंटातील रोग वाळवंटात राहून अभ्यासावे लागतात, ही त्यामागची दृष्टी होती आणि ती योग्य होती हे मलेरियाने दाखवून दिले. १९९४ च्या मुसळधार पावसानंतर पश्चिम राजस्थानात मलेरियाची भीषण साथ आली. जिथे पावसाचाच दुष्काळ तिथे मलेरिया कसा, हे कोडे उलगडायचे तर घराघरांतील टांका पाहावा लागतो. पावसाचे पाणी साठवण्याच्या या जमिनीखालच्या हौदात ॲनोफेलिस स्टिफेन्सी हा डास निवांत वाढतो. मुंबईत इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांत वाढतो तो हाच. दुसरीकडे, १९५८ साली काम सुरू झालेल्या आणि पुढे इंदिरा गांधी कालवा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाने सतलज-बियासचे पाणी थेट जैसलमेरपर्यंत नेले, आणि त्या पाण्याबरोबर शेती, वस्ती, मजूर, ओलावा व नवे डासही गेले. वाळवंट हे कायम एकसारखे राहणारे स्थळ नाही; तिथल्या रोगांचा नकाशा दर दहा-पंधरा वर्षांनी नव्याने काढावा लागतो.

काही वर्षांपूर्वी जोधपूरच्या या केंद्राचे रूपांतर असंसर्गजन्य रोगांवरील अंमलबजावणी संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेत झाले. मधुमेह, रक्तदाब आणि खाणकामगारांचा सिलिकोसिस यांवर काम व्हायलाच हवे. त्याबद्दल दुमत नाही. परंतु जुन्या केंद्राच्या नावातून ‘वाळवंट’ गेले, तेव्हा त्याच्याकडील परजीवी व कीटकशास्त्राचे काम कोणत्या संस्थेकडे, किती माणसांसह आणि किती निधीसह सोपवले गेले, हे जाहीरपणे सांगितले गेलेले माझ्या तरी वाचनात नाही. पाटण्याची राजेंद्र स्मारक संस्था काळ्या आजारात निष्णात आहे, पुदुच्चेरीचे केंद्र कीटकांच्या अभ्यासात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात लीशमॅनियाच्या प्रतिकारशास्त्रावर मोलाचे काम झालेले आहे. प्रयोगशाळेतील या परजीवीबद्दल आपल्याला बरेच काही ठाऊक आहे. बिकानेरपासून चाळीस किलोमीटरवरच्या गावात यंदा किती जणांना फोड आले, एवढेच ठाऊक नाही.

मोजदादीने काय साधते याचे उदाहरण याच वाळवंटात आहे. नारू हा शब्द महाराष्ट्रातील साठीच्या पुढच्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. पायाच्या फोडातून बाहेर येणारा तो हातभर लांब जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढताना ज्यांनी पाहिला आहे, ते आजही पायविहिरीचे पाणी प्यायला कचरतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रासह सात राज्यांत नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते. त्यावर लस नव्हती आणि जंत मारणारे औषधही नव्हते. जे झाले ते घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याने, गाळून पाणी पिण्याने, पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर करण्याने आणि पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून नारूच्या अळ्या वाहणारे सायक्लॉप्स हे सूक्ष्म जलजीव मारण्याने. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. शेवटचा रुग्ण कोणत्या महिन्यात, कोणत्या जिल्ह्यात होता हे आपण सांगू शकतो, कारण प्रत्येक रुग्ण मोजला गेला होता. लीशमॅनियासिस नारूइतका सोपा शत्रू नाही, आणि तो तसाच संपवता येईल असा माझा दावा नाही. मोजता मात्र येईल.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १९५० च्या दशकात मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले तेव्हा वाळूमाश्याही मेल्या, आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. मग लक्ष उडाले, आणि १९७० च्या दशकात बिहारमध्ये तो परत आला. त्वचेच्या फोडाच्या बाबतीत तर लक्ष उडायलासुद्धा आधी ते कधी बसले होते का, हा प्रश्नच आहे.

म्हणून पुढील गोष्टी परिषदेने तातडीने हाती घ्याव्यात असे वाटते. बिकानेर व त्याला लागून असलेल्या वाळवंटी जिल्ह्यांत काचपट्टीने सिद्ध झालेला त्वचेच्या लीशमॅनियासिसचा प्रत्येक रुग्ण सरकारी व खासगी अशा दोन्ही दवाखान्यांतून नोंदला जावा, अशी शिफारस परिषदेने आरोग्य मंत्रालयाकडे आणि राजस्थान सरकारकडे करावी. या नोंदीत वय, गाव, फोडाची जागा, रोगाची सुरुवात कोणत्या महिन्यात झाली आणि उपचार कोणता मिळाला, एवढे असले तरी पुरे. लांबलचक अर्ज दिले की ते रिकामे परत येतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. जोधपूरच्या संस्थेत, किंवा ते शक्य नसेल तर बिकानेरच्या महाविद्यालयाच्या सोबतीने, कीटकशास्त्रज्ञ आणि परजीवीशास्त्रज्ञ यांचे छोटे पण कायमस्वरूपी पथक असावे. तीन वर्षांच्या प्रकल्पावर आलेला संशोधक तिसऱ्या उन्हाळ्यात वाळूमाश्या ओळखायला शिकतो आणि चौथ्या उन्हाळ्यापूर्वी निघून जातो, या चक्रातून बाहेर पडायला हवे. आणि गोळा झालेले आकडे दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत. शून्य असेल तर शून्यसुद्धा.

या पत्राची इंग्रजी प्रत परिषदेकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे की आमच्याकडचे डॉक्टर, जवानांची कुटुंबे आणि माजी सैनिकांच्या संघटना यांनीही ते वाचावे. वाळवंटातील नेमणुकीवरून परतल्यावर महिना-दोन महिने बरा न होणारा, न दुखणारा फोड असेल, तर डॉक्टरांना नेमणुकीचे ठिकाण आठवणीने सांगावे आणि स्टेरॉइडचे मलम परस्पर लावू नये.

जुन्या केंद्राकडील परजीवी संशोधनाची जबाबदारी सध्या कोणाकडे आहे, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर परिषदेने आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे, ही विनंती सर्वांत आधी पूर्ण होण्यासारखी आहे. तिला निधीही लागत नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
एक त्वचारोगतज्ज्ञ, पश्चिम महाराष्ट्र